बाजाराची गोळी

मावशीला आणलं तेव्हा वॉर्डात माझं धोब्याशी भांडण चाललं होतं. त्यात विशेष काही नाही, माझं कुणाशी ना कुणाशी चाललेलंच असतं. चादरी ओल्याच आणून टाकल्या होत्या आणि वर मलाच अक्कल शिकवत होता. तेवढ्यात दारातून काका आत आले, पाठीवर मावशी. स्ट्रेचर होता की, दारातच होता, पण त्याचं एक चाक कधीचं निखळलेलं, म्हणून काकांनी बायकोला पाठीवर घेतलं होतं. मी चादरी टाकून धावले. मावशीचं तोंड उघडं होतं आणि आतून सगळं सोललेलं. ओठांवर रक्ताच्या खपल्या. हाक मारली तर डोळे उघडले, मला ओळखलं, काहीतरी बोलायला गेली आणि नुसती कण्हली.

ही माझी सख्खी मावशी. नदीवरचा तराफा ओढते. आमच्या वरच्या डोंगरी भागात नदीला पूल नाही. दोन्ही काठांना जाड दोर बांधलाय, तराफ्यावर उभं राहून तो दोर हातांनी खेचत खेचत पलीकडे जायचं. माणसं, शेळ्या, एकदा तर शाळेचं लोखंडी कपाट, सगळं मावशीनं पार नेलंय. सगळे तिला दोरवालीच म्हणतात. तोंडाची इतकी फटकळ की तराफ्यावर कुणी नुसतं हललं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्या तोंडाची ही दशा झाली होती.

"बाईंना बोलव," काका म्हणाले. "बोटंवाल्या बाईंना."

बोटंवाल्या बाई म्हणजे आमच्या डॉक्टर, संधिवाताच्या. हे नाव त्यांना आमच्या लोकांनीच दिलं. मी शाळेत होते तेव्हापासून त्या वर येतात. त्याआधी आमच्याकडे सांधे सुजले की दोनच रस्ते होते. एक, गप्प सोसायचं. दुसरा, सुईवाल्याकडे जायचं. सुईवाला म्हणजे पिशवीत सुया घालून वाड्यावस्त्या फिरणारा एक भामटा. त्याची सुई टोचली की खाटेवरचं माणूस दुसऱ्या दिवशी उठून पाणी भरायला जायचं, आणि काही वर्षांत तोंड फुगून हाडं भुसा व्हायची. खाली शहरात गेलं तर डॉक्टर मान वर न करता सांगायचे, कष्टाची कामं करता ना, मग दुखणारच, विश्रांती घ्या. विश्रांती घ्या म्हणे! आदिवासी बाईला विश्रांती घ्या म्हणणाऱ्याला एक दिवस आमच्या घरी राहायला पाठवला पाहिजे.

बाई आल्या त्या वेळी तरुण होत्या, जीपमधून उतरल्या आणि लगेच ओकल्या. रस्ताच तसा होता. चूळ भरून शाळेच्या ओट्यावर बसल्या आणि एकेकीचा हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून बघायला लागल्या. सगळी बोटं, दोन्ही मनगटं, मग कोपर. आमच्या माणसांचा हात असा निवांत धरून बसलेलं शहरातलं कुणी आम्ही पाहिलं नव्हतं. बायका लाजून हसायला लागल्या. बाई म्हणाल्या, हे वयानं नाही, कष्टानंही नाही, हा आजार आहे आणि ह्याला औषध आहे. तेव्हापासून दर महिन्याला येत राहिल्या. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांनी शहरात काचेचे दवाखाने काढले. बाई मात्र त्याच जीपमध्ये, कमरेला पट्टा बांधून. मी नर्स झाले ती त्यांच्याकडे बघूनच, आणि नर्स झाल्यावर हट्टानं त्यांच्याच हाताखाली लागले.

त्यांच्यात खोट एकच. बाई चिडत नाहीत. औषध संपलं, गाडी नाही, कुणी अपमान केला, की 'बघू या' म्हणतात. त्या 'बघू या'नं माझं डोकं इतक्यांदा फिरलंय की काय सांगू.

आता गोळीचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. ह्या आजारावर बाई एक पिवळी गोळी देतात. जुनी, स्वस्त आणि गुणाची. मावशीची मूठ मिटत नव्हती, दोर हातातून सुटायचा, घरात सगळे म्हणत होते हिचं संपलं. ह्या गोळीनं वर्षभरात ती पुन्हा तराफा ओढायला लागली. पण ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष आहे. तोंड, आतडं सोलून निघतं, रक्त बनायचं थांबतं आणि माणूस साध्या तापानं जातं.

आता वर आमच्याकडे सोमवार काय आणि गुरुवार काय, कुणाला फरक पडतो? शाळेतल्या पोरांना पडत असेल. मोठ्यांचा आठवडा म्हणजे बाजार. बाजाराच्या आदल्या दिवशी हे करायचं, बाजार झाला की ते करायचं. बाईंनी सुरुवातीला वार सांगून पाहिले, सगळा घोळ झाला. मग एका म्हातारीनंच सुचवलं, बाजाराच्या दिवशी घेऊ का? बाई खूश झाल्या. तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगणं: पिवळी गोळी बाजाराच्या दिवशी, जेवल्यावर, आणि चुकवायची नाही. इतकी वर्षं एकाचीही चूक झाली नाही. आमच्याकडे तिचं नावच बाजाराची गोळी.

मग इस्त्री आले. इस्त्री म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मोठे साहेब. हे नाव मी ठेवलंय आणि आता सफाईवाल्यांपर्यंत पोचलंय. शर्टाला सुरकुती नाही, कपाळाला नाही, आणि मनाला तर नाहीच नाही. आल्या आल्या म्हणाले, एका डॉक्टरनं एवढ्या लांब जाऊन मूठभर पेशंट बघायचे हे परवडत नाही. जीप काढून घेतली, त्याबरोबर माझंही वर जाणं थांबलं. त्याऐवजी वरच्या उपकेंद्रात भिंतीवर पडदा लावला. बाईंनी इथे खुर्चीत बसायचं, पेशंटनं तिथे पडद्यासमोर हात धरायचे. आहे की नाही डोकं! सांधा दाबून बघायचा असतो, तो पडद्यावरून कसा दाबणार? वर वीज कधी असायची कधी नाही, असली तर चित्र मध्येच गोठायचं आणि एखाद्या बाईचा हात तसाच हवेत लटकत राहायचा. त्या पडद्यासाठी इस्त्रींना शाल-श्रीफळ मिळालं. आणि लोकांना गोळ्यांसाठी खाली यायला नको म्हणून मोठ्या मनानं काय केलं, तर गोळ्यांचे डबेच्या डबे वर पाठवले. ज्याला त्याला ढीगभर एकदम.

मी तेव्हा बाईंना म्हटलं, "भांडा ना! मी येते बरोबर."

बाई म्हणाल्या, "बघू या."

तर आता मावशी पलंगावर होती. बाई आल्या, तोंडात बॅटरी मारून पाहिलं, पापणी ओढून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "उताऱ्याचं इंजेक्शन आण. आत्ता." ते आमच्या स्टोअरमध्ये नव्हतंच. शहरातल्या मोठ्या भांडारात होतं, आणि आणायला गाडी हवी. अॅम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेलेली. बाई फोन लावत बसल्या, अहो जरा बघता का, अहो काही होतं का. मी तिथून सरळ पोर्चमध्ये गेले. इस्त्रींची गाडी उभी होती, ड्रायव्हर काच पुसत होता.

"चल, शहरात जाऊन इंजेक्शन आणायचंय."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही."

"सिस्टर, माझी नोकरी जाईल."

"माझी मावशी जाईल!" मी अशी ओरडले की पोर्चमधले सगळे वळले. त्यानं फडकं टाकलं आणि गाडी काढली. त्याचं पोर माझ्याच हातावर झालंय, नाही कसं म्हणेल?

गाडी शोधत इस्त्री वॉर्डात आले. मावशीकडे लांबूनच पाहिलं, नाकाला रुमाल. काय झालंय ते बाईंनी सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "जास्त खाल्ल्या ना? मला वाटलंच होतं. ह्या लोकांना वाटतं, एका गोळीनं एवढं बरं वाटतं तर चार घेतल्या की चौपट वाटेल. सांगितलेलं ऐकायचं नाही, आणि मग धावत यायचं."

"साहेब, ती माझी मावशी आहे."

"मग तर तुम्ही तिला नीट समजवायला हवं होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. हातात सलाईनची बाटली होती, देवाशप्पथ, ती त्या इस्त्रीवर फुटायची. बाईंनी माझं मनगट धरलं. "सलाईन लाव आधी," म्हणाल्या. मी लावलं. लावताना रडत होते, ते रागानं. माझं तसंच आहे, रडू आलं की लोकांना वाटतं हिला वाईट वाटलं.

इंजेक्शन आलं. मावशीला वेगळ्या खोलीत ठेवलं, आत जायचं तर तोंड बांधून. काका दाराबाहेर उकिडवे बसून असायचे. बाई त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या, कमरेच्या पट्ट्यासकट, आणि विचारलं, "दादा, गोळी कधी घ्यायच्या ह्या?"

"बाजाराच्या दिवशी. तुम्ही सांगितली तशी."

"रोज नाही ना?"

"छे! रोज कशी? बाजाराच्याच दिवशी. मी स्वतः पाणी द्यायचो."

"मग एवढी कशी झाली?"

काका गोंधळले. आपलं काय चुकलं ते आठवायला लागले. मला तेही बघवेना. मग त्यांना वाटलं, बाईंना ठाऊक नसेल, म्हणून समजावून सांगितलं, "बाजार आता दिवसाआड भरतो ना. वर दगडाची खाण निघाली. बाहेरची माणसं आली कामाला, त्यांना सारखं सामान लागतं. झाले चार-पाच महिने."

बाई बोटांवर मोजायला लागल्या: दिवसाआड एक, म्हणजे आठवड्याला तीन-चार. 

"तिला त्रास व्हायचा," काका पुढे म्हणाले. "तोंडात जळायचं, पाणीसुद्धा टोचायचं. ती गेली होती त्या पडद्यापाशी सांगायला. दोनदा गेली. वीज नव्हती. तिथला माणूस म्हणाला, पुढच्या खेपेला या. मग म्हणाली, बाई म्हणाल्यात चुकवायची नाही. बाजार वाढला म्हणून गोळीही वाढली असेल. त्यांना ठाऊक असणार."

बाई भिंतीला धरून उठल्या. "बाकीचे," एवढंच म्हणाल्या. खाणीचा ट्रक माल टाकून रिकामा वर चालला होता, त्याच्या केबिनमध्ये चढून त्या वर गेल्या. ह्या वयात, त्या रस्त्यानं. मी मावशीपाशी राहिले. परत आल्या तेव्हा धुळीनं माखलेल्या होत्या, पण घरोघर जाऊन सगळे डबे गोळा करून आणले होते.

"बाकी सगळे बरे आहेत," म्हणाल्या. "काही जण लांब राहतात, ते आठवड्यातून एकदाच बाजाराला येतात. आणि जवळच्यांनी तोंड आल्यावर आपापल्या मनानं बंद केली."

"म्हणजे ज्यांनी तुमचं ऐकलं नाही ते वाचले."

"हो."

"आणि मावशीचा तराफाच बाजाराच्या लोकांचा. तिला बाजार चुकायचाच नाही."

"हो," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. जीप काढून घेतली त्या दिवशी ह्या ओरडल्या असत्या तर? पण धुळीनं माखलेल्या माणसावर किती चिडणार?

इस्त्रींनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मला नव्हतं बोलावलं, पण मी गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर जा म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. जिल्ह्याच्या कार्यालयातून एक अधिकारी चौकशीला येणार होते. त्यांना सांगायचं, पेशंटनं स्वतःच्या मनानं जास्त गोळ्या घेतल्या. आणि इथून पुढे डोंगरातल्या कुणालाच पिवळी गोळी द्यायची नाही, साधी दुखण्यावरची द्यायची. धोकाच नको.

"त्यांनी स्वतःच्या मनानं नाही घेतल्या," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तशाच घेतल्या."

"म्हणजे बाजार बघून! डॉक्टर, हे तुम्ही बाहेर बोलू नका. ही काय औषध द्यायची रीत झाली? सगळं तुमच्यावर येईल. निवृत्तीला आलात, कशाला ओढवून घेता?"

"मी दर महिन्याला जात होते, साहेब. बाजार बदलला असता तर मला जीपमधून उतरतानाच दिसलं असतं. तुम्ही माझं जाणं बंद केलंत आणि गोळ्यांचे डबे पाठवलेत." बाईंचा आवाज नेहमीसारखाच, वरणभातासारखा. "माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. पण त्या बाईनं ऐकलं नाही असं कुणी म्हणालं, तर मी चारचौघांत त्याला खोटारडा म्हणेन."

खोटारडा! बाईंच्या तोंडून! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इस्त्रींच्या कपाळाला पहिल्यांदा सुरकुती पडली. पण ते कसले ऐकतात. म्हणाले, "पेशंटच सांगेल ना काय ते."

मावशी हळूहळू सावरली. ताप उतरला, तोंडातली सालं गेली, पेज गिळायला लागली. आणि गोळी बंद असल्यामुळे बोटं पुन्हा सुजायला लागली. ते मला दिसत होतं, बाईंनाही दिसत होतं. बोलायला लागल्यावर तिनं पहिली शिवी पेज आणणाऱ्याला घातली, तेव्हा मी देवाचे आभार मानले.

चौकशीचे अधिकारी आले. सोबत इस्त्री, परीटघडीचे. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून इस्त्री गोड आवाजात म्हणाले, "काय आजी, आता बरं आहे ना? गोळ्या जरा जास्तच घेतल्या गेल्या, नाही का? बाईंनी सांगितलेलं लक्षात राहिलं नाही?"

आजी! मावशी बाईंपेक्षा लहान आहे.

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती बाईंकडे वळली. शाळेतल्या पोरीनं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली, "एकही चुकवली नाही हो, बाई. तोंडात आग व्हायची तरी घेतली. उलटी झाली तर पुन्हा घेतली. ह्यांना विचारा हवं तर. सगळ्याजणींनी सोडली, मी नाही सोडली."

आणि वाट बघत राहिली. बाईंनी शाबासकी द्यावी म्हणून.

बाई पलंगावर टेकल्या, तिचा हात हातात घेतला. "तुम्ही अगदी बरोबर घेतलीत, ताई," म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही. त्या गोळीनंच तुम्हाला हे झालंय. बाजार वाढला ते मला कळलं नाही. मी यायला हवं होतं."

मावशीला ते समजायला वेळ लागला. समजलं तसा तिनं हात सोडवून घेतला. "मग आला का नाहीत?"

बाईंनी इस्त्रींकडे बोट दाखवलं असतं तर चाललं असतं. मी दाखवलंच असतं, मी तोंड उघडलंही होतं. पण बाई म्हणाल्या, "नाही आले खरी." मावशीनं भिंतीकडे तोंड केलं.

अधिकारी माणूस बरा होता म्हणायचा. बाहेर येऊन त्यानं इस्त्रींना विचारलं, पडदा बंद होता तेव्हा तुमच्याकडचं कोण वर गेलं होतं? इस्त्री म्हणाले, त्याची तरतूद नाही. मी म्हटलं, "जीपची होती, ती तुम्ही काढून घेतलीत." मग मी आणखीही बरंच म्हटलं. सगळा मजला गोळा झाला. धोबीसुद्धा आला होता आणि माझ्या बाजूनं मान हलवत होता. इस्त्रींचं काही वाकडं झालं नाही, तसल्यांचं होत नाही, त्यांची बढतीवर बदली झाली. पण पिवळ्या गोळीवरची बंदी टळली आणि जीप परत मिळाली. बाईंच्या नावावर एक ताशेरा आला. त्या 'बघू या'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

जीप मिळाली त्या महिन्यात आम्ही वर गेलो. बाजार भरलेला, पण मावशीचा तराफा काका ओढत होते, दमून थांबत थांबत, आणि खाणीची माणसं त्यांच्यावर खेकसत होती. मावशी काठावर दगडावर बसली होती. बाईंनी तिच्यासमोर बसकण मारली आणि तिचा हात मागितला. तिनं दिला. बाईंनी एकेक सांधा दाबला. बोटांची पेरं टरारलेली, मनगटं गरम.

"रक्त आता चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "गोळी पुन्हा सुरू करू, थोडी कमी करून. मी महिन्यापुरत्याच आणल्यात. शाळेच्या मास्तरीणबाई दर रविवारी स्वतः येऊन तुमच्या हातावर एकच ठेवतील. आणि दर महिन्याला मी येईन."

मावशीनं पुडी बघितली. उघडली नाही. परत बाईंच्या मांडीवर ठेवली.

"मागेही असंच म्हणाला होतात."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. "बोटं बघ तुझी! बाईंनी तुझ्यासाठी काय काय ऐकून घेतलंय, मी त्या माणसाला सगळ्यांसमोर..."

"तू ओरडू नकोस," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. "तू ओरडतेस, ह्या गप्प बसतात. माझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी होते. तेव्हा दोघींचा काय उपयोग झाला मला?"



बाई पुढे सरकल्या. "ताई, तुमचा राग मला मान्य आहे. पण आजार थांबत नाही. गोळी नसली तर बोटं वाकडी होतील. एकदा वाकडी झाली की पुन्हा सरळ होत नाहीत, कुणाच्या हातानं होत नाहीत. दोर धरता येणार नाही."

"तुम्ही आधी या," मावशी म्हणाली. "पुढच्या महिन्यात या, त्याच्या पुढच्या महिन्यात या. वर्षभर येऊन दाखवा. मग घेईन."

"वर्षभरात सगळं संपेल हो."

"संपू दे. बोटं माझी आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करीन असं त्यांना वाटलं असेल. मी काय करणार होते? इस्त्री तिथे नव्हते, आणि ज्याच्यावर ओरडावं असं कुणीच तिथे नव्हतं.

तराफा काठाला लागला. उतरणाऱ्यातल्या एकानं काकांना हळू चालवल्याबद्दल काहीतरी घाणेरडं म्हटलं. मावशी ताडकन उठली, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत तराफ्यावर चढली, काकांना बाजूला केलं आणि दोराला हात घातला. पकड बसली नाही. तिनं दोन्ही हातांनी धरून पाहिला, मग दोर काखेत दाबून अंगाच्या जोरावर खेचायला लागली. तराफा जेमतेम हलला. बाई पुडी हातात घेऊन काठावर उभ्या होत्या, आणि मावशी त्यांच्याकडे न बघता खेचत होती.